गुळव्याची बोटं

बनुबाईनं गोळ्या बंद केल्याचं गुंडा गुळव्याला कळलं, तेव्हा गुऱ्हाळावरच्या मोठ्या काहिलीतला पाक उतरायच्या बेतात होता.

ती वेळच अशी असते की गुळव्यानं घराला आग लागली तरी मागं वळून बघू नये. पाक जरा आधी उतरवला तर गूळ ढिला पडतो, जरा उशीर झाला तर काळा होतो. गुंडानं शेजारच्या बादलीतल्या थंड पाण्यात बोटं बुडवली, तशीच उकळत्या पाकात घातली, चिमूटभर पाक उचलून परत पाण्यात नेला आणि त्याची गोटी वळून पत्र्यावर फेकली. गोटी टणकन वाजली म्हणजे पाक झाला. अजून ती नीट वाजत नव्हती. त्याचा एक कान त्या पत्र्याकडं होता आणि दुसरा खांद्यानं दाबून धरलेल्या फोनला.

"दादा, ऐकतूस न्हवं?" धाकटी बहीण बनू पाटणकडून बोलत होती. "म्या गोळ्या सोडल्या. आज नऊ दिस झालं. कायसुदिक हुईना बग मला."

"कसल्या गोळ्या?"

"साखरेच्या रं! तूच न्हाई का म्हनलास, दालचिनीच्या सालीनं तुजी साखर निम्म्यावर आली? मग मी कशाला गिळू त्या खडूच्या वड्या?"

"आगं, पर मी कवा म्हनलो तुला गोळ्या सोड म्हणून…"

"नाना, पाक!" खालून चुलवणाच्या जाळात उसाचं चिपाड सारणारा धुळा ओरडला.

गुंडानं फोन चिपाडाच्या ढिगावर टाकला. पुढची पंधरा मिनिटं तो कुणाचा भाऊ नव्हता, नुसता गुळव्या होता. काहील उतरली, पाक थंड करायच्या वाफ्यात ओतला, आणि मग त्यानं ढिगात हात घालून फोन शोधला. फोन कधीच बंद झाला होता.

त्याला भ्यायला कारण होतं. तिघा भावंडांत थोरला भाऊसो. त्याला साखर झाली तेव्हा त्यानंही गोळ्या सोडल्या होत्या. कुणीतरी पाला सांगितला, तो वाटून प्यायला. डॉक्टरांनी आधी पायाचा अंगठा काढला, मग घोट्यापासून पाय, आणि त्यानंतरच्या दिवाळीला भाऊसो राहिला नाही. आता साखर गुंडालाही होती आणि बनूलाही. भाऊसोला पाला सांगणारा कोण होता ते कुणालाच आठवत नव्हतं. बनूला सालीचा गुण सांगणारा कोण, हे मात्र सगळ्यांना ठाऊक राहणार होतं.

झालं होतं ते असं.

गुंडा आष्ट्याच्या शिवारातल्या गुऱ्हाळावर चाळीस वर्षं गूळ करत होता. दोन वर्षांपूर्वी त्याला साखर निघाली तेव्हा गावानं हसून घेतलं. "गुळव्याला न्हाई हुयाची तर काय मीठवाल्याला हुईल?" गुंडानं त्या दिवसापासून गूळ जिभेला लावला नाही. चाखायची गरजही नव्हती, त्याचा गूळ बोटांना आणि कानाला कळायचा. सकाळ-संध्याकाळ त्याची बायको हरणाबाई त्याच्या तळव्यावर गोळी ठेवायची आणि तो गिळेपर्यंत समोरून हलायची नाही.

त्याच वर्षीच्या दिवाळीला त्याचा मुलगा जयराज पलटणीतून रजेवर आला, तो साखर तपासायचं मशीन घेऊन. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीला लावायचा, पाच मोजायचे, आकडा हजर. गुंडाला त्या मशीनचं वेडच लागलं. मुळात माणूस चौकस. उसाच्या कुठल्या जातीचा रस कधी फाटतो, वारा पूर्वेचा असला की पाक उशिरा का होतो, असल्या गोष्टी तो बसल्या बसल्या डोक्यात घोळवायचा. तो मशीन गुऱ्हाळावर घेऊन जायचा, दोन आदणांच्या, म्हणजे काहिलीच्या दोन खेपांच्या मधे बोट टोचायचा आणि आकडा कोळशानं पत्र्याच्या भिंतीवर लिहायचा. दोनशे नव्वद. तीनशे अठरा. तीनशे पाच.

आकडे बघून हरणाबाई एकच म्हणायची, "खाताय तुमी. चोरून खाताय."

"आईच्यान न्हाई."

"मग काय वाऱ्यावरनं आली साखर? आईला कशाला मधी आणताय, ती गेली बिचारी."

आष्ट्याचे डॉक्टरही म्हणाले, "दवाखान्यात तपासतो तेव्हा एवढी येत नाही तुमची. तपासायच्या आधी काही तोंडात टाकता का?" गुंडा मान हलवायचा. चाळीस वर्षं ज्याच्या शब्दावर गुळाचा भाव ठरला, त्या माणसाचा शब्द घरातही चालेना आणि दवाखान्यातही.

मग माघात बनू चार दिवसांसाठी आली. येताना फडक्यात बांधून दालचिनीची साल घेऊन आली. पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कडेला तिचं रान. तिथल्या बांधावरच्या झाडाची ती साल. "उकळून पी दादा. आमच्याकडं समदी पित्यात. साखर हाणून पाडती."

हरणाबाईनं कारभार हातात घेतला. पहाटे अंघोळ, मग रिकाम्या पोटी सालीचं पाणी, मग अर्ध्या तासानं तिच्या डोळ्यांदेखत मशीन. गुऱ्हाळावर मशीन न्यायचं नाही. पहिल्याच दिवशी आकडा आला एकशे बासष्ट. दुसऱ्या दिवशी एकशे अठ्ठावन्न. पुढं एकशे सत्तर. गुंडा हरखून गेला. तीनशेवरनं एकशे साठ! त्यानं धुळ्याला सांगितलं, गुऱ्हाळाचे मालक हंबीररावांना सांगितलं, दूध घालायला आलेल्या माणसाला सांगितलं, आणि बनू पाटणला परत गेल्यावर तिला तर रोज फोन करून आकडा सांगितला.

त्याची स्वतःची गोळी चालूच होती, कारण ती तळव्यावर यायची. हे सांगायचं मात्र त्याला सुचलं नव्हतं. रोज सूर्य उगवतो हे कोण फोनवर सांगतं?

त्या संध्याकाळी त्यानं घरून बनूला पुन्हा फोन लावला.

"बनू, गोळ्या चालू कर. मी बी खातोय गोळी."

"तू आदीबी गोळी खायाचास, तवा किती हुती?"

"तीनशे."

"आता किती हाय?"

"एकशे साठ."

"मग साखर गोळीनं उतरली का सालीनं?"

हिशेब तिचा चुकत नव्हता.

हरणाबाई शेजारी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "आता का गप्प? तुमीच आकडं वाटत सुटलासा गावभर, लगनाच्या पत्रिकेवानी."

"आकडा खोटा कसा म्हणू? मशीन माजं, बोट माजं."

पण त्याच्या मनात एक खडा टोचत होता. साल खरंच एवढी गुणाची असेल, तर तिचा गुण दिवसभर राहतो की दुपारपर्यंत विरतो? बनूनं गोळी सोडून नुसत्या सालीवर भरवसा ठेवायचा, तर हे कळायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी त्यानं सालीचं पाणी घेतलं, गोळी घेतली, घरी आकडा बघितला, एकशे सहासष्ट. आणि हरणाबाईचा डोळा चुकवून मशीन गुऱ्हाळावर नेलं.

दहा वाजता पहिलं आदण उतरलं. त्यानं बोट टोचलं.

तीनशे छत्तीस.

त्यानं पट्टी बदलली, दुसरं बोट टोचलं. तीनशे एक्केचाळीस.

"आरं तिच्यायला," गुंडा म्हणाला. "साल पोटात, गोळी पोटात, गूळ तर बघितलाबी न्हाई. मग आली कुठनं?"

धुळा चुलवणातून वर आला. चाळिशीचा गडी, अंगानं उसाच्या पाचटासारखा, रोज सहा मैल चालून येणारा. "नाना, माजंबी बगा की एकदा. कवा बगितलं न्हाई."

"तुला काय धाड भरलीया?" असं म्हणत गुंडानं त्याचं बोट टोचलं. दोनशे सत्याऐंशी.

धुळा मटकन खाली बसला. "मेलो की ओ नाना! आणि धाकटीचं लगीन व्हायचं हाय माज्या."

"आरं गप."

"गप काय? तुमचा एवढा, माजा एवढा. मी तुमच्या मागनंच चाललो की वर!"

एवढ्यात हंबीरराव फटफटीवरून आले. माणूस अंगानं भरलेला, पोट टाकीवर टेकलेलं, येताना नाक्यावर भजी-जिलेबी करून आलेला. गुंडाला राहवलं नाही. "मालक, जरा बोट द्या."

"कशाला? इस्टेट लिहून घेताय का?" हंबीररावांनी हसत बोट पुढं केलं.

एकशे चौतीस.

धुळ्यानं कपाळावर हात मारला. "जिलेबी ह्यांनी खाल्ली आणि साखर मला!"

सगळे हसले, पण गुंडा हसला नाही. तो फळीवर ठेवलेल्या वापरलेल्या पट्ट्यांकडं बघत होता. त्याच्या दोन, धुळ्याची एक, हंबीररावांची एक. फळीच्या फटीतून लाल मुंग्यांची रांग आली होती. त्याच्या पट्ट्यांच्या टोकाला मुंग्या चिकटल्या होत्या. धुळ्याच्या पट्टीलाही. हंबीररावांच्या पट्टीला मात्र बगल देऊन रांग पुढं जात होती.

गुंडा बराच वेळ उकिडवा बसून ती रांग बघत राहिला. हंबीररावांना वाटलं म्हाताऱ्याला चक्कर आली. मग गुंडानं आपलं बोट उचललं, नाकाशी नेलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ते जिभेला लावलं.

गोड.

"पर माजी बोटं दिसभर पाण्यातच असत्यात की," तो स्वतःशीच म्हणाला. मग त्यानं बादलीत ओंजळ घातली आणि ते पाणी चाखलं. तेही गोडच. गोड का नसेल? सकाळपासून पन्नास वेळा त्यात पाकाची बोटं बुडाली होती. चाळीस वर्षं त्याला वाटत होतं की या बादलीत आपले हात धुतले जातात.

"धुळ्या, साबण आण. आणि घागरीतलं पाणी जरा चुलवणाच्या तोंडाशी धर, कोमट कर."

त्यानं मनगटापर्यंत हात घासले, नखं घासली, स्वच्छ पंच्याला पुसले. त्याच हाताचं शेजारचं बोट टोचलं. एकशे चौऱ्याहत्तर.

मग धुळ्याचे चिपाडानं चिकट झालेले हात धुतले. ब्याण्णव.

"किती?"

"ब्याण्णव. घोड्यावानी हाईस."

"जगलो!" धुळ्यानं चिपाडावर उडी घेतली. "मालक, जगलो बरं का! लगनाची उचल मागाया येतो!"

हंबीरराव पोट धरून हसत होते. गुंडा भिंतीकडं बघत होता. कोळशानं लिहिलेले तीनशेचे सगळे आकडे त्याच्या कातडीवरच्या पाकाचे होते. आणि घरचे एकशे साठचे आकडे अंघोळ करून आलेल्या बोटांचे. सालीनं काहीच खाली आणलं नव्हतं. जे वर नव्हतंच ते खाली येणार कसं? हरणाबाईला हे सांगायला तो आतुर झाला होता. दोन वर्षांचा कलंक साबणानं गेला होता. पण त्याच साबणानं बनूच्या पायाखालची फळी काढली होती, आणि तिला ते ठाऊक नव्हतं.

त्यानं तिथूनच फोन लावला आणि सगळं सांगितलं. बनूनं ऐकून घेतलं.

"म्हंजे काल मशीन खरं हुतं, आज खोटं झालं?"

"मशीन खरंच हाय. बोट खोटं हुतं."

"बरं बाई. तुजं बोट खोटं, माजी साल खरी. मला गवत कापाया जायाचं हाय." आणि तिनं फोन ठेवला.

गुंडा हंबीररावांपुढं उभा राहिला. "मालक, उद्या काहील चढवायची न्हाई. मी पाटणला जातो."

"नाना, तोडलेला ऊस पडलाय बांधावर! एक दिस वाळला तर गुळाचा उतारा किती घटंल ते तुमीच मला शिकवलंय."

"घटंल. तुमाला भाऊसोचा पाय आठवतो न्हवं?"

हंबीररावांनी मान खाली घातली. भाऊसो याच गुऱ्हाळावर चरकात ऊस लावायचा. "जावा," ते म्हणाले. "सकाळी आष्ट्याच्या स्टँडवर मी सोडतो."

रात्री हरणाबाईला त्यानं बादलीचं सांगितलं नाही; आधी बनू, मग आपला कलंक. आष्ट्याहून कराड, कराडहून पाटण, आणि पुढं वडाप जीपनं बनूच्या वाडीला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. बनू अंगणात गवताचा भारा सोडत होती. एका पायात चप्पल, दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला चिंधी.

"काय झालं पायाला?"

"काय न्हाई. खुरपं लागलं. तीन आठवडं झालं, वाळंना मेलं. चिघळतंय." ती सहज म्हणाली आणि मग भावाचा चेहरा बघून चिंधी दुसऱ्या पायामागं लपवायला लागली.

गुंडानं विषय काढला नाही. आधी पाणी प्याला. मग म्हणाला, "साल कशी घेतीस ते तर दाव."

तिनं बरणी काढली. सालीची भुकटी मधात कालवलेली. "नुसती घशाला लागती. म्हणून मधातनं. सकाळी दोन चमचं, सांजच्याला दोन."

"मधातनं?"

"रानातला मध हाय दादा, दुकानातला न्हाई."

गुंडानं पिशवीतनं मशीन काढलं. "हात धू. साबणानं."

तिनं धुतले. आकडा आला तीनशे बहात्तर. गुंडानं मशीन तिच्यापुढं धरलं. आकडे बनूलाही कळायचे.

पण बनूही त्याचीच बहीण. क्षणभर तिनं आकडा बघितला आणि लगेच म्हणाली, "मध लागला असंल बोटाला. आता बरणी धरली की मी! तूच न्हाई का काल सांगितलंस?"

त्याचाच शोध तिनं त्याच्या तोंडावर मारला होता. "बरं," तो म्हणाला, "परत धू."

तिनं चुलीवरचं गरम पाणी घेतलं, साबण घेतला, कोपरापर्यंत हात घासले, दगडावर बसून उन्हात वाळवले, बरणीकडं फिरकलीही नाही. तीनशे अडुसष्ट.

"ह्यो हात बरणीचा हाय. डाव्याचं बग."

डाव्याचं बघितलं. तीनशे चौऱ्याहत्तर.

मग तिनं आपणहून राख घेतली आणि भांडं घासावं तसं एकच बोट घासायला लागली. घासता घासता तिचा हात हळू झाला. मग थांबला.

"तुजी धुऊन उतरली," ती म्हणाली. "माजी का उतरंना?"

"माजी कातडीवर हुती, बनू. तुजी रक्तात हाय."

तिनं पायाची चिंधी सोडून अंगठा बघितला. "भाऊदादाचंबी असंच अंगठ्यापास्नं चालू झालं हुतं न्हवं?"

"व्हय."

"चल मग," ती उठली. "पर डॉक्टरला सांगू नगंस मी मध खाल्ला म्हणून."

"मीच सांगणार. आणि तुला सालीचा गुण कुणी सांगितला तेबी सांगणार."

पाटणच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाची होती. तिनं जखम धुतली, आत अजून हाडापर्यंत गेलं नाही म्हणाली, वेळेवर आलात म्हणाली. सुई दिली, जुन्या गोळ्या चालू केल्या, एक नवी दिली, दर दोन दिवसांनी पट्टी बदलायला बजावलं. गुंडानं भीत भीत सगळी हकीकत सांगितली. बादलीची गोष्ट ऐकून ती हसली, पण मुंग्यांची ऐकून तिनं पेन खाली ठेवलं. "आजोबा, हे मी आमच्या शिकाऊ डॉक्टरांना सांगणार आहे."

"ते सांगा. पर मला एक सांगा बाई, ही साल खोटीच का मग?"

"खोटी आहे असंही म्हणता येत नाही," ती म्हणाली. "पुष्कळ ठिकाणी माणसांवर तपासून बघितलंय. काही ठिकाणी साखर थोडी उतरलेली दिसली, काही ठिकाणी काहीच फरक दिसला नाही. अजून नक्की ठरलेलं नाही. चहात घाला, भाजीत घाला, कोण नको म्हणतंय? पण गोळीच्या जागी ती बसवू नका. आणि चमच्यानं भुकटी तर अजिबात नको. काही जातींची साल जास्त पोटात गेली तर यकृताला, म्हणजे लिव्हरला त्रास होतो."

"अजून ठरल्यालं न्हाई," गुंडानं ते शब्द परतीच्या गाडीत चारदा घोळवले. शिकलेल्या माणसांनाही न ठरलेली गोष्ट आपल्या घरी फडक्यात बांधलेली आहे, याची त्याला मोठी मजा वाटली.

घरी आल्यावर हरणाबाईला त्यानं बादलीचं सांगितलं. तिनं त्याची बोटं हातात घेतली, वास घेतला, आणि म्हणाली, "दोन वरीस मी तुमाला चोर म्हनले."

"मग आता?"

"आता काय? जेवाया बसा. आणि हात धुवा."

पुढचे वीस दिवस गुंडानं आपल्यापुरतं तपासून बघितलं. गोळी रोज. जेवण तेच. हात साबणानं धुतलेले. दहा दिवस सालीचं पाणी, दहा दिवस नुसतं गरम पाणी. पत्र्यावर कोळशानं दोन ओळी. सालीच्या ओळीत एकशे चौसष्ट, एकशे एकाहत्तर, एकशे अठ्ठावन्न. बिनसालीच्या ओळीत एकशे सदुसष्ट, एकशे साठ, एकशे त्र्याहत्तर. धुळ्याला दाखवून त्यानं विचारलं, "सालीची ओळ कंची, सांग बरं?" धुळ्यानं डोकं खाजवलं आणि बोट ठेवलं ते नेमकं बिनसालीच्या ओळीवर.

"म्हंजे गुण न्हाई म्हनायचं का नाना?"

"माज्या बोटाला तर दिसला न्हाई. पर एका काहिलीवरनं समद्या मुलखाचा ऊस कसा ठरवायचा गड्या?"

बनूच्या गावच्या आशाताई रोज सकाळी तिची साखर बघायला यायच्या. त्या आल्या की बनू गुंडाला फोन करायची, आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं.

"हात धुतल्यात. दोनशे साठ."

मग दोनशे दहा. मग एकशे नव्वद. अंगठा वाळायला लागला. महिन्यानं दोन्ही पायांत चप्पल आली, आणि त्या दिवशी फोनवर तिचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा चढा होता.

"हात धुतल्यात. एकशे एकोणऐंशी. दादा, ऐक, वरच्या आळीची एक म्हातारी म्हणती, जांभळाच्या बिया वाळवून…"

काहिलीत पाक चढत होता. गुंडानं बोटं बादलीतून काढून पंच्याला पुसली. बादलीतलं पाणी आता तो दर आदणाला बदलायचा.

"गोळी घेतलीस?"

"घेतली रं."

"माज्या गळ्याची आण?"

"तुज्या गळ्याची आण. हातात पाण्याचा पेला हाय अजून."

गुंडानं बोटं परत भिजवली आणि पाकाची गोटी वळून पत्र्यावर फेकली. ती टणकन वाजली. "नाना, उतरवायची का?" धुळा खालून ओरडला.

"उतरव!" गुंडा म्हणाला, आणि मग फोनमध्ये, घाईघाईनं, "येताना मूठभर बिया घिऊन ये. बघू."